‘हे आमचे कोण लागतात?’ : नात्यांच्या ग्राफमध्ये वाट शोधताना

दुपारची जेवणं आटोपून आत्या माझ्या शेजारी येऊन बसली होती. लॅपटॉपवर मी दोन नावं टाकली होती. एक आमच्या भावकीतल्या रामूकाकांचं, दुसरं चंदगड तालुक्यातल्या एका पाहुण्याचं. या दोघांचं नातं काय, एवढाच प्रश्न होता. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. पाच मिनिटं गेली.

“काय शोधायलास एवढा वेळ?” आत्यानं विचारलं. मी नावं सांगितली.

“त्याच्या आज्जीचं माहेर कुठलं?” मी बघून गाव आणि घर सांगितलं. “आणि आपल्या रामूच्या आईचं?” तेही सांगितलं. “मग झालं की. दोघी चुलत बहिणी. त्याचा बाप आणि रामू मावसभाऊ, म्हणजे हा रामूचा पुतण्याच लागला.”

चालू क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, मी बंद केली. आत्याचं म्हणणं नोंदींशी ताडून पाहिलं, तर तंतोतंत बरोबर होतं. ज्या नोंदींवरून तिनं दोन प्रश्नांत उत्तर काढलं, त्या सगळ्या माझ्या डेटाबेसमध्ये होत्याच. तरी मशीनला ते सापडत नव्हतं. ते का, आणि मग काय केल्यावर सापडू लागलं, ते इथं सविस्तर लिहितो.

कामाचं मूळ

बेळगावच्या पश्चिमेकडच्या अनेक गावांत महालक्ष्मीची यात्रा दरवर्षी नसते. मध्ये बरीच वर्षं जातात. एकदा ती ठरली की प्रत्येक घर आपले पैपाहुणे आठवायला बसतं, आणि कुणी एक जरी राहिला तरी तो राग पुढच्या यात्रेपर्यंत टिकतो. आमच्या गावची यात्रा ठरली तेव्हा भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी मला सांगितलं, “तू डेटाबेसचंच काम करतोस, तर सगळ्यांची नाती एकदा नीट मांडून ठेव.”

माहिती तीन ठिकाणांहून आली. पहिलं ठिकाण हेळवी. आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या वंशावळी सांभाळणारे हे लोक. दारात येऊन चोपडी उघडतात, मूळ पुरुषापासून आजच्या पोरापर्यंत नावं वाचतात आणि धान्य-दक्षिणा घेऊन पुढच्या घरी जातात. दुसरं ठिकाण म्हणजे घरोघरची कागदपत्रं. १ नोव्हेंबर १९५६ला राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि याच जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. त्यामुळे एकाच घरच्या थोरल्या भावाचा उतारा कानडीत, तर चंदगडकडे दिलेल्या बहिणीच्या घरचा सातबारा मराठीत, असा प्रकार सर्रास दिसतो. तिसरं ठिकाण घरातल्या बायकांच्या आठवणी. वंशावळीच्या कागदावर बाईचं नाव असलं तरी माहेर बहुधा नसतं. ते आत्यानं आणि तिच्या मैत्रिणींनी भरून काढलं.

सुरुवातीला माझ्याकडं फक्त वडील-मुलगा एवढेच दुवे होते. ते झाड होतं, ग्राफ (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या दुव्यांचं जाळं) म्हणावा असं त्यात काही नव्हतं. प्रत्येकाला एकच बाप, वर जायला एकच वाट. कुठलाही प्रश्न विचारा, पापणी लवायच्या आत उत्तर. मग माहेरं भरली, आई आणि लग्न हे दुवे आले. यादी गावाप्रमाणं काढायला सोपी जाईल म्हणून गाव आणि आडनाव हेही मी वेगळे नोड, म्हणजे या जाळ्यातले ठिपके, केले. डेटाबेस निओफोरजे, क्वेरीची भाषा सायफर. आणि इथून पुढं सगळं अडायला लागलं.

सुरुवातीचे चुकलेले उपाय

माझी क्वेरी भोळी होती. एका माणसापासून दुसऱ्यापर्यंत, कुठल्याही प्रकारच्या दुव्यावरून, कुठल्याही दिशेनं, दहा पायऱ्यांच्या आतली वाट दे.

आधी नावावर इंडेक्स, म्हणजे नाव पटकन शोधायची सूची, केला. सुरुवातीचे दोन नोड झटकन सापडू लागले, पण एकूण वेळात काही फरक पडला नाही, आणि तो पडणारही नव्हता. इंडेक्सचं काम उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडण्याचं. पुढं चालताना निओफोरजे इंडेक्सकडं बघतच नाही. नोडपाशीच त्याच्या दुव्यांचा पत्ता ठेवलेला असतो, त्यावरून ते पुढं जातं. अडचण त्या चालण्यात होती. मग मेमरी वाढवली. त्यानंही काही साधलं नाही.

मग एकच उत्तर हवं म्हणून मर्यादा एकवर आणली. उत्तर आलं, पण ते नऊ पायऱ्यांचं, दोन गावांतून आणि एका आडनावातून फिरून आलेलं. कारण अशी क्वेरी एका वाटेनं आधी खोल जाते, हाताला लागेल ते पहिलं उत्तर देते. ते जवळचं असेल याची काही हमी नसते. सर्वांत छोटं उत्तर हवं म्हणून लांबीप्रमाणं क्रम लावायला सांगितला, तर आधी सगळ्या वाटा गोळा करणं आलं, म्हणजे पुन्हा मूळ दुखण्यावरच.

शेवटी प्रोफाइल लावून बघितलं. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. प्रोफाइलमध्ये क्वेरीचा प्रत्येक टप्पा आणि त्या टप्प्यात डेटाबेसला किती वेळा हात घालावा लागला, तो आकडा दिसतो. वाट पसरवण्याचा एकच टप्पा बाकी सगळ्यांना गिळून बसला होता.

गावाचा नोड

पहिला दोष माझ्या मांडणीत होता. गावाच्या नोडला त्या गावातला प्रत्येक माणूस जोडलेला. समजा एका गावात दोन हजार माणसं नोंदली आहेत. त्यातल्या एकाकडून गावाच्या नोडवर पाऊल टाकलं की बाहेर पडायला १,९९९ दारं. त्यातलं प्रत्येक माणूस आपल्या आडनावाच्या नोडवर जाणार, आणि तिथून पाटील म्हणून जितके असतील तितक्यांकडं पुन्हा वाटा फुटणार. अशा नोडला सुपरनोड म्हणतात. तो एखाददुसरा असला तरी सगळी क्वेरी त्याच्या पायी बसते.

आणि त्या वाटेला अर्थही नव्हता. दोघं एकाच गावचे, म्हणून ते दोन पायऱ्यांवरचे नातलग, असं आपल्याकडं कोण म्हणेल? मी गाव आणि आडनाव नोडमधून काढून माणसाच्या नोंदीतच एक तपशील म्हणून ठेवलं आणि त्यावर इंडेक्स केला. गावाप्रमाणं यादी अजूनही तशीच निघते. वाट शोधताना मात्र आई, वडील आणि लग्न हे तीनच दुवे चालतील असं क्वेरीत स्पष्ट लिहिलं. या एका बदलानं जेवढा वेग आला तेवढा पुढच्या कशानंही आला नाही.

तरी लांबच्या नात्यांना क्वेरी अडतच होती.

साटंलोटं आणि वाटांची संख्या

दुसरा दोष ओळखायला मला बरेच दिवस लागले, कारण तो आमच्या सोयरिकीच्या रीतीत दडला होता. आमच्याकडं मामाची मुलगी करून घेतात. असं लग्न झालं की त्या जोडप्याच्या मुलाला एकाच पणजोबांकडं जायला दोन वाटा होतात. एक बापाकडून, आज्जीमार्गे. दुसरी आईकडून, तिच्या बापामार्गे. दोन घरांत पिढ्यान् पिढ्या देणंघेणं चालू असेल, साटंलोटं असेल, तर प्रत्येक पिढीला वाटा दुप्पट होत जातात. सहा पिढ्यांत ६४, दहा पिढ्यांत १,०२४. माणसं मोजकीच, पण त्यांच्यातून जाणाऱ्या वाटा हजारानं.

सायफरमध्ये साधा नमुना (कसली वाट हवी त्याचं वर्णन) दिला की एका वाटेत तोच दुवा दोनदा येऊ नये एवढाच नियम असतो. तेच माणूस पुन्हा आलं तरी चालतं. त्यामुळे डेटाबेस या सगळ्या वाटा एकेक करून मोजत बसतो. मी मागितलं होतं नातं, आणि त्यानं इमानेइतबारे प्रत्येक वाट शोधायला घेतली होती.

हा भेद आता आंतरराष्ट्रीय मानकातही नीट आला आहे. एप्रिल २०२४मध्ये ग्राफ क्वेरींच्या भाषेसाठी जीक्यूएल हे आयएसओ या मानक ठरवणाऱ्या संस्थेचं मानक प्रसिद्ध झालं. त्यात वॉक, ट्रेल, असायक्लिक आणि सिंपल अशा वाटांच्या चार जाती (वाटेत काय पुन्हा आलेलं चालेल यावरून पाडलेल्या) आहेत आणि ‘कुठलीही एक सर्वांत छोटी’ किंवा ‘सर्वांत छोट्या तेवढ्या सगळ्या’ असं मागताही येतं. हा नुसता शब्दांचा फरक नाही. एकही नोड पुन्हा न येणारी आणि दिलेल्या नमुन्यात बसणारी वाट आहे की नाही, हा प्रश्न सर्वसाधारणपणे किती अवघड आहे हे मेंडेलझॉन आणि वुड या संशोधकांनी १९९५मध्ये दाखवून दिलं होतं. छोट्यात छोटी वाट मागितली, नोड पुन्हा आले तरी चालतील असं म्हटलं, तर तोच प्रश्न आवाक्यात येतो.

म्हणून मी सर्व वाटांचा नाद सोडून सायफरमधलं शॉर्टेस्ट पाथ, म्हणजे सर्वांत छोटी वाट शोधणारं साधन, वापरलं. ते दोन्ही टोकांकडून एकाच वेळी, एकेक पायरी पसरत येतं आणि दोन्ही लाटा जिथं भेटतील तिथं थांबतं. एकदा पाहिलेलं माणूस पुन्हा उघडत नाही. याचा फायदा हिशेबानंच कळतो. आई, वडील, जोडीदार आणि पाच मुलं धरली तर एका माणसाला आठ दुवे. एका बाजूनं दहा पायऱ्या गेलो तर आठाचा दहावा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४. दोन बाजूंनी पाच-पाच पायऱ्या गेलो तर दोन वेळा ३२,७६८, म्हणजे ६५,५३६. खऱ्या गावात हे आकडे इतके फुगत नाहीत, कारण फिरून तीच माणसं येतात. पण प्रमाण ध्यानात यायला हा हिशेब पुरेसा आहे. रामूकाकांचं नातं आता एंटर दाबताक्षणी आलं, सात पायऱ्यांचं.

इथं एका खड्ड्यात मी पडलो, तो सांगायलाच हवा. नवरा-बायको लग्नाआधीही नातलग होते का, हे मला बघायचं होतं. छोट्यात छोटी वाट अर्थातच त्यांचं लग्न, एक पायरी. म्हणून मी अट घातली, ‘लांबी एकापेक्षा जास्त’. क्वेरी पुन्हा अडकली. लांबीची अट वाट पुरी झाल्याशिवाय तपासता येत नाही, म्हणून निओफोरजे अशा वेळी झटपट पद्धत सोडून सगळ्या वाटा तपासण्याच्या जुन्या पद्धतीवर येतं. तीच गोष्ट मी दुसऱ्या शब्दांत मागितली, की वाटेतल्या कुठल्याही पायरीवर या दोघांच्या लग्नाचा दुवा नको. ही अट प्रत्येक पावलाला तपासता येते, त्यामुळे वेग कायम राहिला. अर्थ तोच, पण चालता चालता तपासता येईल अशी अट आणि मुक्कामाला पोचल्यावरच तपासता येईल अशी अट यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. वाटांच्या क्वेरी लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे सांगतो.

छोटी वाट आणि खरी वाट

आता उत्तरं झटकन येत होती. मी मोठ्या हौसेनं आत्याला दाखवायला बसलो. तिनं चार-पाच नाती पाहिली आणि एका ठिकाणी थांबली. “हे नातं कोण सांगतंय? त्यो माझा आतेभाऊ. तू सुनेच्या माहेराकडनं फिरवून आणलायस.”

दोन्ही वाटा खऱ्या होत्या आणि लांबीही सारखीच होती. मशीननं त्यातली एक उचलली. पण माणसं रक्ताचं नातं आधी सांगतात, लग्नानं जुळलेलं नंतर. लांबी मोजणाऱ्या क्वेरीला हे कळायचा मार्गच नव्हता.

एक उपाय होता दुव्यांना वजन देण्याचा. आई-वडिलांच्या दुव्याला एक, लग्नाला तीन, आणि मग डायक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाच्या पद्धतीनं कमीत कमी वजनाची वाट. डायक्स्ट्रांना ही पद्धत १९५६मध्ये सुचली, छापून आली १९५९मध्ये. १९५६ म्हणजे आमच्या भागातून सीमारेषा गेली तेच साल, आणि हे वाचल्यापासून तो योगायोग मनात राहिला आहे. पण निओफोरजेत वजनाची वाट मी ज्या लायब्ररीतून (तयार प्रोग्रॅमच्या संचातून) काढत होतो, तिला ग्राफची मेमरीत एक वेगळी प्रत करावी लागते. आत्यानं सकाळी सांगितलेलं माहेर त्या जुन्या प्रतीत नसायचं. रोज भर पडणाऱ्या माहितीला ते सोयीचं नव्हतं.

मग मी त्या पहिल्या दुपारकडं परत गेलो. आत्यानं काय केलं होतं? ती पाहुण्याच्या मुलाबाळांकडं गेली नाही, बायकोच्या भावाकडं गेली नाही. दोन्हीकडून फक्त वर चढली. रामूकाकांकडून तीन पायऱ्या, पाहुण्याकडून चार, आणि दोन्ही बाजू एका घरात भेटल्या. रक्ताचं कुठलंही नातं असंच असतं, आधी वर, मग खाली. खाली जाऊन पुन्हा वर आलो की ते व्याह्याचं घर होतं.

दिशा बांधली की संख्याच आटते. वर जाताना प्रत्येकाला आई आणि बाप असे दोनच दुवे. सात पिढ्यांपर्यंत जास्तीत जास्त २+४+८ करत १२८पर्यंत, एकूण २५४ पूर्वज. भावकी बघायची असेल तर फक्त बापाचा दुवा, म्हणजे सात पिढ्यांना सातच माणसं. म्हणून प्रत्येक माणसाजवळ मी त्याच्या सात पिढ्यांच्या पूर्वजांची यादी, पायऱ्यांच्या संख्येसह, आधीच तयार करून ठेवली. नातं विचारलं की दोन याद्या शेजारी ठेवायच्या, सामाईक माणूस शोधायचा आणि दोन अंतरांची बेरीज सर्वांत कमी असेल तो घ्यायचा. ग्राफमध्ये चालायचं कामच उरत नाही. कोहेन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२मध्ये मांडलेली टू-हॉप लेबल्स साधारण याच विचारावर उभी आहेत. दोन नोडमधलं अंतर दोघांच्या छोट्या याद्यांतूनच काढायचं. वंशावळीत ही यादी निसर्गानंच आखून दिलेली असते, एवढाच आमचा फायदा.

रक्ताचं नातं निघालं नाही तर जोडीदार धरून बघायचं. हा आणि त्याची बायको, तो आणि त्याची बायको, एकूण चार तुलना. मेहुणे आणि साडू त्यात बसतात. व्याह्यांसाठी मुलांच्या सासरची एक वेगळी पायरी ठेवली. त्यापलीकडचं लांबचं काही असेल तरच शॉर्टेस्ट पाथ, तेही मर्यादा घालून. गेल्या काही महिन्यांत ती वेळ क्वचितच आली.

आपलाच आजा झालेला माणूस

या याद्या बनवणारी स्क्रिप्ट एका रात्री थांबेचना. सकाळी उठलो तरी चालूच. कारण नावांत होतं. आमच्याकडं नातवाला आज्याचं नाव ठेवतात. म्हणून एका घरात मारुती परशराम, मग परशराम मारुती, मग पुन्हा मारुती परशराम असा क्रम पिढ्यान् पिढ्या चालतो. कानडी आणि मराठी कागदांतली नावं जुळवताना मी आज्याला आणि नातवाला एकच माणूस समजून जोडून टाकलं. झालं असं की तो गृहस्थ स्वतःचाच आजा झाला आणि माझी स्क्रिप्ट त्या गोलात फिरत बसली. हेच सायफरमध्ये केलं असतं तर दुवा दोनदा न येण्याच्या नियमानं ती थांबली असती, आणि चूक कदाचित कधीच दिसली नसती.

आता याद्या बनवण्याआधी एक तपासणी चालते. आई-वडिलांच्या दुव्यांवरून वर जाताना कुणी फिरून स्वतःपाशी येतो का, आणि जिथं जन्मसाल आहे तिथं बाप मुलाआधी जन्मला आहे का. नावं जोडतानाही बापाचं आणि आज्याचं नाव, शिवाय गाव, एवढं सगळं जुळल्याशिवाय जोडत नाही.

या चुकीनं मी हादरलो, कारण तिचा दुसरा परिणाम जास्त वाईट होता. खोट्या जोडणीमुळे कितीतरी माणसं उगाच जवळची दिसू लागली होती. यात्रेच्या आमंत्रणात चार पाहुणे जास्त आले तर बिघडत नाही. पण या यादीकडं लोक सोयरीक बघायलाही येऊ लागले होते. मामाची मुलगी चालते, मावशीची चालत नाही, भावकीतली तर मुळीच नाही. एका खोट्या दुव्यावरून एखादं चांगलं स्थळ मोडलं असतं. तेव्हापासून नुसतं ‘मावसभाऊ’ असं उत्तर मी देत नाही. पूर्ण वाट, प्रत्येक माणसाच्या नावानिशी, आणि ती नोंद चोपडीतली, कागदावरची की कुणाच्या सांगण्यातली, हेही पडद्यावर येतं. त्या दोन घरांतल्या जाणत्या माणसानं वाचून हो म्हटलं तरच ते पक्कं धरायचं.

नोंद दुरुस्त झाली की त्या माणसाच्या खालच्या सगळ्या वंशजांच्या याद्या पुन्हा बनवाव्या लागतात. आधीच तयार ठेवलेल्या उत्तराची ही किंमत. मी ती रात्री एकदाच करतो. तोवर त्या माणसांच्या नावापुढं ‘दुरुस्ती चालू’ असं दिसतं आणि त्यांच्यापुरती क्वेरी प्रत्यक्ष ग्राफमधून चालते.

अजून कितीतरी बायकांच्या नोंदीत माहेरची जागा रिकामी आहे. तिथं वर जाणारी अर्धी वाटच नाही, आणि क्वेरी कितीही वेगानं चालली तरी तिथं ‘नातं नाही’ असंच म्हणणार. म्हणून त्या ठिकाणी मी ‘नातं नाही’च्या ऐवजी ‘अमक्या बाईचं माहेर माहीत नाही’ असं उत्तर लावलं आहे. अशा बायकांची यादी छापून मी आत्याला दिली. ती आता घरोघर फोन करते, लग्नाकार्यात भेटतील त्यांना विचारते आणि शाळेच्या वहीत लिहून ठेवते. काल संध्याकाळी तिचा फोन आला, “शिनोळीच्या एका घरातल्या तिघी सुनांची माहेरं मिळाली. घे लिहून.”